पाळी थांबून चौदा वर्षे झाल्यावर हार्मोन्स सुरू करावेत का?

प्रश्न : माझे वय 64 आहे, पाळी पन्नाशीत थांबली. हाडे ठिसूळ होऊ नयेत आणि लघवीच्या जागी होणारी कोरड व जळजळ थांबावी, म्हणून आता हार्मोनच्या गोळ्या सुरू कराव्यात का? – एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, केवळ हाडांसाठी या वयात गोळ्या सुरू करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासात, ज्यातील स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन्स एकत्र घेणाऱ्यांमध्ये पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या आणि स्तनाचा कर्करोग यांचे प्रमाण वाढलेले दिसल्याने तो भाग 2002 मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. साठीच्या आत किंवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांत उपचार सुरू केल्यास फायद्याचे पारडे सहसा जड असते. उशिरा मात्र रक्तवाहिन्या कडक झालेल्या असू शकतात आणि धोका वाढतो.

हाडांसाठी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी करून घ्या; गरज भासल्यास हाडांची वेगळी औषधे आहेत. सोलापूरच्या उन्हात राहूनही, घरातच वावर असल्यास 'ड' जीवनसत्त्व कमी असू शकते, तेही तपासा.

जळजळीचा त्रास मात्र लाजेने सोसत बसू नका. लघवीत जंतुसंसर्ग नसल्याची खात्री झाल्यावर योनिमार्गात लावायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन मलम या वयातही सुरू करता येते, कारण ते रक्तात फारच थोडे उतरते. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगा. आणि आता थोडासाही रक्तस्राव झाला, तर मलमाआधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून त्याची तपासणी करून घ्या.