वाचकांचे प्रश्न : मेफिस्टो, काउंटेस आणि तासाचा हिशेब

या वेळचे सगळे प्रश्न ‘डायब्लो टू : रिझरेक्टेड’ या व्हिडिओ गेमच्या हेल, म्हणजे सर्वांत अवघड, पातळीवरचे आहेत. मोहीम संपली, आता त्याच त्या जागा पुन्हा पुन्हा मारून (अशी एक फेरी म्हणजे एक रन) चांगला माल कसा जमवायचा, हे वाचकांना हवं आहे.

प्रश्न : माझी ब्लिझर्ड सॉर्सरेस (बर्फाचा मारा करणारी जादूगार) रोज मेफिस्टो हा मोठा शत्रू मारते. आधी मॅजिक फाइंड (चांगल्या वस्तू पडण्याची शक्यता वाढवणारी टक्केवारी) ३०० होतं, ते खटपट करून ५००वर नेलं. तरी तासाभरात मिळणारे युनिक (सोनेरी नावाच्या खास वस्तू) वाढलेले दिसत नाहीत. असं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कारण युनिकसाठी मॅजिक फाइंड पूर्ण धरलं जात नाही. अंगावरच्या वस्तूंची बेरीज गुणिले २५०, भागिले बेरीज अधिक २५०, असा हिशेब लागतो. १०० असेल तर प्रत्यक्षात ७१ धरतात, २०० असेल तर १११, ३००चे १३६ आणि ५००चे १६७. सेटसाठी (हिरव्या, एकत्र घालायच्या वस्तू) २५०च्या जागी ५०० आणि रेअरसाठी (पिवळ्या) ६०० येतात, त्यामुळे तिथे घट कमी. निळ्या मॅजिक वस्तूंना मात्र पूर्ण आकडा लागू होतो. तो वाढलेला लगेच दिसतो आणि फसगत तिथेच होते.

आता तुमचंच उदाहरण. ३००वर युनिकची शक्यता मूळच्या २.३६ पट होते, ५००वर २.६७ पट. म्हणजे वाढ जेमतेम १३ टक्के. एवढ्यासाठी तुम्ही स्किल वाढवणाऱ्या आणि फास्टर कास्टच्या (जादू टाकण्याचा वेग) वस्तू काढून ठेवल्या असणार. आधी एक रन मिनिटाचा होता आणि आता ७० सेकंद लागत असतील, तर तासाचे ६० रन ५१वर आले. ६० गुणिले २.३६ म्हणजे १४२, आणि ५१ गुणिले २.६७ म्हणजे १३६. तोटाच झाला. आमच्या मते सॉर्सरेसने २०० ते ३००वर थांबावं आणि पुढची प्रत्येक वस्तू घड्याळ लावून तपासावी. जुन्या पोशाखात दहा रन, नव्यात दहा रन. सरासरी पाच-सहा सेकंदांनी वाढली तरी वस्तू परत स्टॅशमध्ये, म्हणजे सामानाच्या पेटीत.

स्वस्तात ३०० गाठायचं असेल तर ताल राशाच्या सेटकडे वळा. चिलखतावर ८८ मॅजिक फाइंड आहे, सेटमधल्या तीन वस्तू झाल्या की वर आणखी ६५ मिळतात आणि पट्ट्यावर १० ते १५. हार्लेक्विन क्रेस्टचे ५० धरले की बाकीचं हातमोजे, बूट आणि अंगठ्या भागवतात. मर्सनरीने (भाडोत्री साथीदाराने) मारलं तर त्याचं आणि तुमचं मॅजिक फाइंड एकत्र धरलं जातं.

प्रश्न : मेफिस्टो मरायला वेळ लागतो. स्टॅटिक फील्ड (विजेची जादू) मारत राहावं का? फास्टर कास्ट १०५ हवंच का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हेलमध्ये स्टॅटिक फील्ड शत्रूचं आयुष्य निम्म्याखाली नेत नाही. शिवाय मेफिस्टोचा विजेचा प्रतिकार ७५ टक्के, त्यामुळे एका माऱ्यात उरलेल्या आयुष्याचा चौथा हिस्सा जायचा तिथे सव्वासहा टक्केच जातो. निम्म्यावर आणायला अकरा मारे लागतात. तेवढं करून मग पूर्ण भर थंडीवर द्या.

खरा फरक कोल्ड मास्टरीने पडतो. पहिल्या पातळीला ती शत्रूचा थंडीचा प्रतिकार २०ने उतरवते आणि पुढे दर पातळीला ५ने. वस्तूंची भर धरून सतराव्या पातळीला १०० होतात. मेफिस्टोचा ७५ प्रतिकार उणे २५वर येतो आणि मारा सव्वापट बसतो. ब्लिझर्ड दर १.८ सेकंदांनीच टाकता येतो, मधल्या वेळात ग्लेशियल स्पाइक ही थंडीची दुसरी जादू चालू ठेवा.

म्हणजे फास्टर कास्ट ब्लिझर्डसाठी नाही, टेलिपोर्टसाठी, म्हणजे जादूच्या उडीसाठी, हवं. सॉर्सरेसचे टप्पे ९, २०, ३७, ६३, १०५ आणि २००. काहीच नसताना एका टेलिपोर्टला १३ फ्रेम लागतात, ६३ला ९ आणि १०५ला ८. सेकंदाला २५ फ्रेम असतात. ड्यूरन्सच्या (मेफिस्टोचा अड्डा) दुसऱ्या पातळीवरच्या वेपॉइंटपासून (शहरातून थेट पोहोचायची जागा) मेफिस्टोपर्यंत पंचवीस उड्या धरल्या, तर शून्यावरून ६३वर गेल्याने चार सेकंद वाचतात आणि ६३वरून १०५वर गेल्याने फक्त एक. दोन टप्प्यांच्या मधले आकडे वाया जातात, ९०चा उपयोग ६३इतकाच. तलवारीत आणि ढालीत स्पिरिट रूनवर्ड केला (वस्तूत बसवायचे रून, म्हणजे जादूचे दगड : ताल, थुल, ऑर्ट, अम्न, याच क्रमाने) की प्रत्येकी २५ ते ३५ मिळतात. मोनार्क ढालीला १५६ स्ट्रेंग्थ लागते, ती आधीच धरून ठेवा.

प्रश्न : मेफिस्टोकडून ग्रिफन्स आय हा युनिक मुकुट मिळतच नाही. अजून किती रन करावे? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : तो मेफिस्टोकडून पडूच शकत नाही. टायरेल्स माइट हे चिलखतही नाही. त्यासाठी ८५ पातळीच्या जागा हव्यात. तुमची सॉर्सरेस थंडीची असेल तर लॉस्ट सिटीच्या खालचे एन्शंट टनेल्स सर्वांत सोयीचे. तिथल्या साध्या शत्रूंमध्ये थंडी न लागणारे कुणी नाहीत. अडवणारा एखादा खास नावाचाच निघतो, त्याला सोडून पुढे जा.

प्रश्न : रून देणाऱ्या काउंटेस या शत्रूचे शेकडो रन केले, ४०० मॅजिक फाइंड घालून. रून साधेच मिळतात. (एक वाचक, पुणे)

उत्तर : रूनवर मॅजिक फाइंडचा काहीही परिणाम होत नाही. तिथे जाताना ते सगळं उतरवा आणि वेगाचे, माऱ्याचे कपडे घाला. दुसरी गोष्ट, गेममध्ये एकटेच राहा. शत्रू मेल्यावर जास्तीत जास्त सहा वस्तू पडतात. खेळाडू वाढले की काउंटेसच्या साध्या वस्तू जास्त पडतात, सहाची मर्यादा आधीच भरते आणि रूनना जागा उरत नाही. हेलमध्ये तिचा खास रूनचा वाटा इस्ट या वरच्या रूनपर्यंत जातो. साठलेले रून क्यूबमध्ये (वस्तू एकत्र करायचा डबा) चढवा : दोन ‘माल’ रून आणि एक साधा अमेथिस्ट खडा दिला की एक इस्ट.

प्रश्न : मग मित्रांना गेममध्ये घेतल्याने फायदा होतो की नाही? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : ते कुठे उभे आहेत आणि किती आहेत, यावर ठरतं. दर वाढीव खेळाडूमागे शत्रूचं आयुष्य ५० टक्क्यांनी वाढतं. काहीच न पडण्याची शक्यता मात्र, मित्र लांब असतील तर, एकाआड एक खेळाडूलाच कमी होते : तिसरा, पाचवा, सातवा. त्यामुळे लांब उभा असलेला एकच मित्र आयुष्य दीडपट करतो आणि ड्रॉपमध्ये भर शून्य. तीन, पाच किंवा सात जण ठेवा. मेफिस्टोकडून मुळात रिकामं कमीच पडतं, तिथे एकट्यानेच खेळावं.

प्रश्न : वस्तू ओळखायचे स्क्रोल आणि शहरात ये-जा यात फार वेळ जातो. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : वस्तूच्या मूळ प्रकाराचं नाव पाठ करा, ओळखायची गरजच राहत नाही. सोनेरी शाको म्हणजे हार्लेक्विन क्रेस्ट. सोनेरी सर्पंटस्किन आर्मर म्हणजे व्हायपरमॅगी, सोनेरी बॅटल बूट्स म्हणजे वॉर ट्रॅव्हलर. स्वर्लिंग क्रिस्टल सोनेरी असेल तर ऑक्युलस, हिरवा असेल तर ताल राशाचा. हिरवी लॅकर्ड प्लेट आणि हिरवा मेश बेल्टही ताल राशाचेच. अंगठ्या, ताईत आणि चार्म तेवढे उचलून ओळखावे लागतात. ते साठवा आणि दहा रननंतर शहरातल्या केनकडून एकदाच ओळखून घ्या.