कॉर्नेलिया सोराबजी बेळगावच्या होत्या का? त्या इंग्रजीच्या प्राध्यापक होत्या हे खरं का, आणि त्यांची कागदपत्रं बेळगावात पाहायला मिळतील का?

बेळगावच्या म्हणजे जन्माने नव्हेत. भारतातल्या सुरुवातीच्या महिला वकिलांपैकी या एक, जन्म नाशिकचा, 15 नोव्हेंबर 1866. वडील पारशी घरातून ख्रिस्ती झालेले मिशनरी, त्यामुळे बिऱ्हाड फिरतं. लहानपणाची सुरुवातीची वर्षं बेळगावात गेली, मग सगळे पुण्याला गेले. संबंध एवढाच. मोठ्या माणसावर हक्क सांगायची आमच्या गावाला हौस फार (पु. ल. इथल्या आरपीडी (राणी पार्वतीदेवी) कॉलेजात शिकवायला होते हे आम्ही अजून पाहुण्यांना ऐकवतो), पण सोराबजीबाईंच्या बाबतीत कुणी तेही करत नाही. कँपातून मी इतकी वर्षं येतोजातो, त्यांच्या नावाची पाटी मला तरी दिसलेली नाही. कागदपत्रंही इथे नाहीत. ती लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्याबद्दल पुढे सांगतो.

प्राध्यापक होत्या हे मात्र खरं. लोक त्यांना वकील म्हणून ओळखतात, आणि इंग्रजी शिकवण्याचा भाग बहुतेक लेखांत एका ओळीत उरकतात. मला तीच ओळ जास्त आवडते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या पहिल्या विद्यार्थिनी. मुलं वर्गाचं दार तोंडावर आपटून घ्यायची, हे त्यांनीच आठवणींत लिहिलंय. 1887 साली बी.ए.ला कॉलेजात पहिल्या आल्या. पहिल्या येणाऱ्याला विलायतेला शिकायला सरकारी स्कॉलरशिप मिळायची. ती यांना नाकारली, कारण बाई. मग पुढच्या वर्षी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवायची हंगामी नेमणूक मिळाली. कॉलेज मुलांचं. म्हणजे बघा की, ज्या पदवीवर शिकायला पाठवायचं नाही, त्याच पदवीवर मुलांना शिकवायला उभं केलं! वय किती, तर एकवीस-बावीस.

पुढचं थोडक्यात. इंग्लंडमधल्या ओळखीच्या मंडळींनी वर्गणी काढली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. 1889 ला ऑक्सफर्डचं समरव्हिल कॉलेज. 1892 ला कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली, तिथे ती देणाऱ्या पहिल्या बाई. पदवी हातात पडली ती 1922 ला, तीस वर्षांनी, कारण 1920 पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. मधल्या काळात, 1904 पासून, बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये (अज्ञान वारस आणि बायकांच्या जमीनजुमल्याचा कारभार पाहणारं सरकारी खातं) पडद्यातल्या जमीनदारणींची कामं पाहिली. त्या बायका परक्या पुरुषासमोर येत नसत, मग वकिलाला सांगणार काय आणि कागदावर सही कशाच्या भरवशावर करणार? 1923 च्या कायद्याने भारतात बायकांना वकिली खुली झाली तेव्हा त्या साठीकडे झुकल्या होत्या. 1954 ला लंडनमध्ये वारल्या.

आपल्याकडे त्यांचं नाव का पुसट झालं, याचं कारण मला सरळ दिसतं. त्या इंग्रज राजवटीच्या बाजूच्या होत्या. गांधीजींना त्यांचा विरोध होता आणि 1927 ला कॅथरीन मेयो या अमेरिकन लेखिकेच्या, हिंदुस्थानची निंदा करणाऱ्या ‘मदर इंडिया’ पुस्तकाची त्यांनी पाठराखण केली. तिथे त्या चुकल्याच असं माझं मत आहे. पण म्हणून अहमदाबादच्या त्या वर्गाची किंमत कमी होत नाही.

आता कागदपत्रं. ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस खाजगी कागदपत्रांत ‘एमएसएस युर एफ 165’ या क्रमांकाखाली त्यांचा संग्रह आहे: रोजनिशा, ऑक्सफर्डहून पुण्याला घरी लिहिलेली पत्रं, मैत्रिणींशी पत्रव्यवहार, कामाचे कागद. बाईंनी आयुष्यभर लिहिलं, घरच्यांनी जपलं. त्यांचे भाचे रिचर्ड सोराबजी, लंडनला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, त्यांनी आत्याचं चरित्र लिहिलंय. लंडनला जाणं जमणार नसेल तर त्यापासून सुरुवात करा, किंवा बाईंच्या स्वतःच्या 1934 च्या आठवणींपासून.

आत्याचं चरित्र म्हटलं की मला जरा लाज वाटते. माझीही एक आत्या इंग्रजीची प्राध्यापक होती, इथेच बेळगावात. बाबा तिला अक्का म्हणत, म्हणून आम्हीही अक्काच. 1962 ला धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून एम.ए. केलं आणि शहरातल्याच एका कॉलेजात लागली. विभागात बाई ती एकटीच. सोराबजींचं नाव मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकलं. ती गेल्यावर शहापुरातलं घर रिकामं करायचं होतं, पावसाळा तोंडावर, भाऊ पुण्याहून दोनच दिवस आलेला. दोन पोती कागद मी स्वतः रद्दीवाल्याच्या तागडीत घातले. त्याने वजन करून पैसे दिले, त्यातून आम्ही चहा आणि कुंदा आणला. हे कुणा संस्थेवर ढकलता येत नाही, मीच केलं.

पत्र्याच्या ट्रंकेत तळाला वर्तमानपत्राखाली एक वही राहिली होती, म्हणून ती वाचली. लांब, खाकी पुठ्ठ्याची, मधल्या पानांना कसर लागलेली. डाव्या बाजूला निळ्या शाईत इंग्रजी कवितांच्या ओळी, उजव्या समासात पेन्सिलीने अर्थ. आणि अर्थ दोन भाषांत. तिच्या वर्गात खानापूर-निपाणीची मराठी पोरं आणि गोकाक-बैलहोंगलची कन्नड पोरं एकाच बाकावर असायची. एका बाजूचं बोलून भागत नसे. ‘मेडो’ या शब्दासमोर ‘कुरण’ आणि त्याखाली ‘हुल्लुगावलु’. ‘हार्वेस्ट’समोर ‘सुगी’ लिहिलंय, शेजारी ‘सुग्गी’, आणि दोन्हींना मिळून एक गोल काढलाय. त्या दिवशी वर्गात दोन्हीकडची पोरं एकदमच हसली असतील, असं मला उगीच वाटतं.

शेवटच्या पानावर कवितेचा काही संबंध नसलेली एक ओळ आहे, मराठीत: ‘आज मागच्या बाकावरून पुन्हा शिट्टी. शिकवत राहिले.’ तारीख नाही. अक्का घरी कधी असलं काही बोलली नव्हती. आम्हाला वाटायचं, ती साडीला पिन लावते, छत्री घेते, कॉलेजला जाते आणि येते. त्या दोन पोत्यांत असल्या ओळी किती होत्या कोण जाणे.

तुम्ही ‘बेळगावात पाहायला मिळतील का’ असं विचारलंत, तर सोराबजींचं नाही मिळणार, पण इंग्रजी शिकवलेल्या बायकांच्या वह्या इथल्या माळ्यांवर अजून असतील. टिळकवाडी, शहापूर, वडगाव, कुठेही विचारून बघा. 1949 ला कर्नाटक विद्यापीठ निघेपर्यंत इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली होती, त्यामुळे त्याआधीच्या कुणाचा माग काढायचा असेल तर मुंबई विद्यापीठाची जुनी कॅलेंडरं चाळावी लागतील, त्यात पास झालेल्यांची नावं छापलेली असतात.

आणि वही हाताला लागलीच तर आधी टाचण्या काढा, आपल्याकडच्या पावसात त्या गंजून कागद खातात. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. ट्रंक जमिनीला टेकवून ठेवू नका. पानांचे मोबाईलवर फोटो काढताना समासही फोटोत घ्या. मी पहिल्यांदा काढले तेव्हा नुसत्या कविता घेतल्या होत्या, परत सगळं काढावं लागलं.