वाचक विचारतात: एस. व्ही. रोडचं आधीचं नाव काय?

प्रश्न: आमची जागा कांदिवली पश्चिमेला, एस. व्ही. रोडला लागून. आजोबांच्या कागदांत पत्ता 'घोडबंदर रोड' असा लिहिलाय. पण घोडबंदर रोड तर ठाण्यात आहे ना? मुलगा म्हणतो कागद चुकीचे, आई म्हणते चुकीचे असूच शकत नाहीत. कोण बरोबर? (कांदिवलीच्या वाचक)

उत्तर: आई बरोबर. कागद अजिबात चुकीचे नाहीत, नीट जपून ठेवा. आज आपण ज्याला स्वामी विवेकानंद मार्ग उर्फ एस. व्ही. रोड म्हणतो त्याचं जुनं नाव घोडबंदर रोडच होतं. वांद्र्याहून निघायचं, खार, सांताक्रूझ, पार्ले, अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर असं करत उत्तरेला वसईच्या खाडीकाठी घोडबंदरला पोचायचं, जिथे पोर्तुगीजांच्या काळातला किल्ला अजून उभा आहे. पलीकडून ठाण्याहून येणारा रस्ताही तिथंच यायचा म्हणून तोसुद्धा घोडबंदर रोड. म्हणजे एकाच गावाला दोन बाजूंनी जाणारे रस्ते आणि दोघांचं नाव त्या गावावरून, यात विचित्र काही नाही, पुण्याला जाणारा तो पुणे रोड. पुढे मुंबईकडच्या रस्त्याला विवेकानंदांचं नाव दिलं, दहिसरच्या पुढची वाट हायवेत गेली, आणि जुनं नाव राहिलं ते ठाण्याच्या बाजूला, माजिवडा, कासारवडवली, गायमुख करत जाणाऱ्या रस्त्याला. त्यामुळे आजच्या पोराला घोडबंदर म्हटलं की ठाण्यातले टॉवर आणि ट्रॅफिक एवढंच आठवतं.

आता हा रस्ता एवढा महत्त्वाचा का झाला ते बघा. वांद्र्यापासून पुढचा सगळा भाग म्हणजे साष्टी बेट, आणि मुंबई बेट नि साष्टी यांच्यामध्ये माहीमची खाडी. मुंबई इंग्रजांकडे गेली ती १६६१ च्या लग्नाच्या तहातून, पण साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली, मग १७३७ च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतली, १७७४ च्या शेवटी इंग्रजांनी ठाणं जिंकलं तेव्हा कुठे दोन्ही बाजू एका सत्तेखाली आल्या. तरी खाडी होतीच आणि ती होडीनेच ओलांडायची, पावसाळ्यात तर जीव मुठीत धरून. सरकार पुलाला पैसे द्यायला तयार नव्हतं तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी तब्बल १ लाख ५७ हजार रुपये दिले (त्या काळातले!), आणि १८४५ साली माहीम कॉजवे सुरू झाला. एका बाईंच्या दानातून अख्ख्या पश्चिम उपनगराचं दार उघडलं, हे त्या पुलावर तासभर अडकलेल्यांना कुणी सांगत नाही.

तारखेवरून लक्षात येईल की कॉजवे आधी आणि या बाजूची रेल्वे त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी. रेल्वे सरळ रेषेत आखली, हा रस्ता मात्र गावागावांतून फिरणारा, म्हणून तो वाकडातिकडा आहे. मग रस्ता आणि स्टेशन यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत बाजार भरले, दुकानं थेट रस्त्याला येऊन टेकली, रुंदीकरण म्हटलं की आधी तीच आडवी येतात. अंधेरी मार्केटजवळ एकदा संध्याकाळी सातला उभं राहून बघा, भाजीवाला, रिक्षा, बेस्टची बस आणि चालणारी माणसं सगळे त्याच दोन-तीन फुटांसाठी भांडत असतात आणि तरी कसंबसं सगळं पुढे सरकत असतं. ओशिवरा आणि पोयसर या नद्या (नाले झालेत, पण नद्याच) समुद्राकडे जाताना याच रस्त्याखालून जातात, जुलैत पाणी का तुंबतं त्याचं अर्धं उत्तर तिथं आहे.

कागद जपून ठेवा म्हटलं त्याचं कारण, जागेच्या व्यवहारात पत्त्यातला हा फरक कुणीतरी हमखास उकरून काढतं. अशा वेळी वकिलाकडून 'पूर्वीचा घोडबंदर रोड, आताचा स्वामी विवेकानंद मार्ग' असा स्पष्ट उल्लेख करून घ्या. आणि मुख्य म्हणजे सिटी सर्व्हे नंबर बघा, रस्त्याचं नाव बदललं म्हणून तो काही बदलत नाही.

प्रश्न: लिंक रोडवर मेट्रो, हायवेवर मेट्रो, मग एस. व्ही. रोडवर का नाही? (मालाडचे वाचक)

उत्तर: जागा कुठंय? मेट्रो २अ लिंक रोडवरून गेली, मेट्रो ७ हायवेवरून, कारण दोन्ही रस्ते रुंद आणि मधोमध खांब उभे करता येतात. एस. व्ही. रोडवर खांब टाकायचे तर आधी दुकानं हलवायची, आणि ते किती वर्षं चाललंय हे मालाडकरांना मी काय सांगू. शिवाय शेजारीच लोकल धावते, त्यामुळे या पट्ट्याला तिसऱ्या रुळांची निकडही कमी. तुमच्या वाट्याला रिक्षा आणि बेस्टच.