निघताना 'येतो' म्हणणाऱ्या भाषा

मराठी आणि शेजारच्या भाषांतली वाक्यं जुळवून पाहायला वही घातलीस, छान केलंस. पण लेकरा, सुट्या शब्दांच्या याद्या करत बसू नको, प्रसंग धर. निरोपाचाच घे. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हटलं की आजी लगेच टोकते. तेलंगणाच्या सीमेजवळच्या देगलूरच्या बाजारात तेलुगू माणसाला विचार, तो म्हणेल 'वेळ्ळोस्तानु', म्हणजे जाऊन येतो. कन्नडमध्ये 'होगि बर्तीनि', तमिळमध्ये 'पोयिट्टु वरेन', अर्थ तोच. बंगाली 'आशि' म्हणजे 'येतो' म्हणतो, गुजराती 'आवजो', म्हणजे 'या'. हिंदीतलं 'चलता हूँ' ऐकलं की मला अजूनही काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

कन्नड 'ऊटा आयता?' आपल्या 'जेवण झालं का?'शी शब्दाला शब्द जुळतं. १९४८ पर्यंत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही भाषा निजामाच्या एकाच राज्यात नांदत होत्या. दखनीतलं, म्हणजे दख्खनच्या उर्दू बोलीतलं 'नक्को' तर आपलंच 'नको'.

एक मात्र कर. प्रत्येक वाक्यापुढं कोण कुणाला बोललं ते लिही. 'जेवलास का' मित्राला, 'जेवलात का' सासऱ्यांना. हा फरक वहीत नसला तर पुढं तुलना चुकते, माझ्या पहिल्या दोन वह्या त्यापायीच वाया गेल्या.