छपराचे पैसे वेगळे, सेवेचे वेगळे

प्रश्न: ताई, सलाम. मी पुण्यात पेठेतल्या एका जुन्या मराठी मंडळीचा नवीन खजिनदार. चर्च दगडी आहे, वर मंगलोरी कौलं, पावसाळ्यात वेदीच्या बाजूला बादल्या लावाव्या लागतात. संडे स्कूलला खोली नाही, पोरं व्हरांड्यात बसतात, माइक खरखरतो, आणि वस्तीतला अभ्यासवर्ग पण वाढवायचाय. सगळं मिळून २२ लाखाचं एस्टिमेट झालं. पुलपिटवरून दोन-तीनदा अनाउन्समेंट केली, १२० घरांतून आले जेमतेम दीड लाख. एक ज्येष्ठ पंच म्हणतात मोठी रक्कम देणाऱ्यांची नावं संगमरवरावर कोरू, तरुण संघ म्हणतो सेक्रेटरीच्या मोबाइलचा क्यूआर दारात चिकटवू. काय करावं?

उत्तर: भाऊ, सलाम. लोक कंजूष आहेत म्हणून पैसे आले नाहीत असं मला नाही वाटत. २२ लाख असा एकच आकडा ऐकला की ज्याच्याकडे हजार रुपये आहेत तो म्हणतो माझ्या हजारानं काय होणार, आणि ज्याच्याकडे लाख आहेत तो म्हणतो आधी बघू तर बाकीचे काय देतात. त्यामुळे पहिलं काम म्हणजे एस्टिमेट फोडा. छप्पर वेगळं, खोली वेगळी, साउंड वेगळा. अभ्यासवर्ग तर या यादीतून काढाच, कारण तो दर महिन्याचा खर्च आहे, शिकवणाऱ्या ताईंचं मानधन, वह्या, खाऊ. एकदाच जमवलेल्या पैशावर तो चालवला तर दीड वर्षात बंद पडतो आणि मग वस्तीतल्या आयांना तोंड दाखवायची पंचाईत. त्यासाठी दहा-पंधरा घरं शोधा जी महिन्याला ठरावीक रक्कम देतील, बास.

आधी छप्पर. गळक्या छपराखाली नवीन स्पीकर लावण्यात काय अर्थ आहे? कॉन्ट्रॅक्टरकडून कौलं, रिपा, वासे, पन्हळी असे सुटे दर लिहून घ्या, म्हणजे ‘एवढ्या रुपयांत एवढी कौलं’ असं मंडळीला सांगता येतं. आणि आतल्या ओल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा द्यायला निघाला तर हात धरा त्याचा. जुनी दगडी भिंत चुन्यात बांधलेली असते, ती ओल घेते आणि सोडते, वर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते आणि गिलावा फुगून पडतो, म्हणजे पैसे परत पाण्यात. कामाला हात लावायच्या आधी दोन गोष्टी बघा, इमारत महापालिकेच्या हेरिटेज यादीत आहे का आणि जागा कागदोपत्री नेमकी कोणाच्या नावावर आहे. बऱ्याच जुन्या चर्चच्या जागा मंडळीच्या नाही तर वरच्या मोठ्या ट्रस्टच्या नावावर असतात, त्यांचं लेखी पत्र नसेल तर काम अर्ध्यात अडकतं. पाऊस जूनमध्ये येणार, त्यामुळे पैसे फेब्रुवारीपर्यंत हातात हवेत.

आता क्यूआर. सेक्रेटरीचा नको म्हणजे नकोच, माणूस कितीही देवभीरू असो. ट्रस्टच्या बँक खात्याचाच क्यूआर, रोख दिलं तर लगेच पावती, पावतीवर ‘छप्पर निधी’ असं लिहिलेलं, आणि एका माणसाकडून २ लाख किंवा वर रोख घ्यायचेच नाहीत, कायद्यानं मनाई आहे. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, योवाश राजाची गोष्ट आहे बघा, मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा याजकांकडे जात होता आणि राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत दुरुस्ती काही झाली नव्हती. मग झाकणाला भोक पाडलेली पेटी वेदीजवळ ठेवली, राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून पैसे मोजायचे आणि ते थेट कामावरच्यांना जायचे, सुतार, गवंडी, पाथरवट. दोघांनी मोजायचं हे लक्षात घ्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आले किती, गेले किती हे नोटीस बोर्डावर लावा, बिलाच्या झेरॉक्ससकट. दोन महिने हे दिसलं की जे आत्ता हात आखडून बसलेत तेच विचारायला येतील.

मागायचं कसं? पुलपिटवरून नाही, घरी जाऊन. आधी पंच कमिटीनं आपापली वचनं लिहून द्यायची, कमिटीच कोरडी असेल तर लोकांना कळतं हो. १२० घरांनी सरासरी महिना ५०० धरले तर वर्षाला ७ लाख २० हजार होतात. सगळी घरं देणार नाहीत, रिक्षा चालवणाऱ्याकडून ५० आले तरी तितक्याच आदरानं घ्या, कोणी किती दिलं हे खजिनदाराबाहेर जाता कामा नये, म्हणूनच ती संगमरवरी पाटी मला अजिबात पटत नाही. हडपसर, वडगाव शेरीला राहायला गेलेली, फक्त नाताळ आणि गुड फ्रायडेला दिसणारी घरं विसरू नका, त्यांचे आईबाप याच चर्चमधून पुरलेत. इतर धर्मांच्या शेजाऱ्यांनाही विचारा, लाजायचं काय त्यात, क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला जागा १७९२ साली पेशव्यांकडूनच मिळालेली.

कापणीच्या सणाला लोक अर्पण म्हणून आणतात त्या भाज्या-फळांचा लिलाव जरूर करा, भोपळा दोन हजाराला गेला की मजा येते, पण तो पैसा त्याच चार खिशांतून येतो, त्यावर बजेट बांधू नका. आणि नेहमीच्या दशांशावर, म्हणजे कमाईतल्या दहाव्या हिश्शाच्या अर्पणावर, लक्ष ठेवा, छपराला दिलं म्हणून रविवारचं अर्पण घटलं तर पाळकसाहेबांचा पगार अडतो. कर्जाचं कोणी सुचवलं तर पब्लिक ट्रस्टला त्यासाठी धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. ‘८०जी मिळेल’, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्सची सूट मिळेल, असं तर कोणाला सांगूच नका, निव्वळ धार्मिक ट्रस्टला ते सहसा मिळत नाही. केंद्र सरकारनं खास जाहीर केलेल्या ऐतिहासिक किंवा नामवंत प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीची गोष्ट वेगळी. सीएला विचारूनच बोला.

प्रश्न: माझी मावसबहीण शिकागोला असते, तिला आमच्या चर्चला पैसे पाठवायचेत. थेट खात्यात टाकले तर चालतील का?

उत्तर: तिचा पासपोर्ट कुठलाय त्यावर आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेतून रीतसर पाठवू शकते, फक्त पासपोर्टची कॉपी फायलीला ठेवा. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीसुद्धा. मग ट्रस्टकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा परवानगी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. ते नसेल तर नम्रपणे नाही म्हणा, ‘भाच्याच्या खात्यात टाक, तो देईल’ हा जुगाड तर मुळीच नको, ट्रस्ट गोत्यात येईल.

प्रश्न: नाताळात कूपन विकून लकी ड्रॉ काढला तर? बक्षीस मिक्सर.

उत्तर: पैसे घेऊन सोडत काढणं म्हणजे लॉटरीच, सरकारी परवानगीशिवाय त्या भानगडीत पडू नका. उपासनेनंतर पुलावाची पाकिटं आणि महिला मंडळाच्या करंज्या विका, ऑर्डर आदल्या रविवारी घ्या म्हणजे माल उरत नाही. मिक्सर वाटण करायला ठेवा.