पॅच टेस्टमध्ये मर्कॅप्टोबेंझोथायाझोल आलं, आता काय काय टाळू?

लेटेक्स-फ्री हातमोजे घेऊनही हाताची खाज थांबत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझंही वर्षभर असंच चाललं होतं. पाठीवर पट्ट्या चिकटवून केलेल्या पॅच टेस्टमध्ये आलेली ही अ‍ॅलर्जी रबराच्या चिकाची, म्हणजे लेटेक्सची, नाही. रबर लवकर पक्कं व्हावं म्हणून कारखान्यात जे मर्कॅप्टोबेंझोथायाझोल नावाचं रसायन घालतात, त्याची आहे. नायट्राईल हातमोजे लेटेक्स-फ्री असतात, पण त्यांतही हे किंवा याच्या जातीतलं रसायन असू शकतं. भांड्यांसाठी विनाइलचे घ्या.

पण हातांपेक्षा आधी पायांकडे बघा. हे रसायन सगळ्यात जास्त त्रास देतं ते चपला-बुटांतून. मी परळला कामाला जायचे. जून उजाडला की रबरी स्लीपर घालायचे आणि पावलांवर बरोबर पट्ट्यांच्या आकाराचं पुरळ यायचं. सगळे म्हणायचे, चिखल्या झाल्यात. ओल्या, घामेजल्या पायांत रसायन जास्त उतरतं. पुरळ मात्र दिवस-दोन दिवसांनी उठतं, म्हणून चपलेवर संशयच जात नाही.

आता पावसाळ्यात मी साच्यातून एकसंध काढलेल्या पीव्हीसीच्या चपला वापरते. एरवी वादीने शिवलेली कोल्हापुरी. घेताना उलटी करून बघा, हल्ली बऱ्याच जोडांना खाली रबरी तळ चिकटवलेला असतो. चांभाराला आधीच सांगायचं, ‘दादा, सोल्युशन नको, शिलाईच मारा.’ त्या सोल्युशनमध्येही हे रसायन असू शकतं. जुने मोजे मात्र टाकून द्या. बुटातलं रसायन त्यांत मुरतं आणि धुऊनही पूर्ण जात नाही. नवे बूट आणि जुने मोजे, यात माझे दोन महिने गेले.

बाकी कमरेचं इलॅस्टिक, पोहण्याचा चष्मा, रबरबँड, फुगे, गुडघ्याचा पट्टा यांवर नजर ठेवा. काँडोमसुद्धा. हे डॉक्टरांशी बोलायला लाजू नका, पॉलियुरेथेनचे मिळतात.

फुगा किंवा हातमोजा लागल्याबरोबर काही मिनिटांत गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील किंवा दम लागत असेल, तर ती चिकाची वेगळी आणि धोक्याची अ‍ॅलर्जी असू शकते. ती या पॅच टेस्टमध्ये कळत नाही. तसं होत असेल तर लगेच डॉक्टर गाठा. दाताच्या दवाखान्यात जातानाही रिपोर्ट सोबत ठेवा, खुर्चीत बसण्याआधी दाखवा.