मुलगी झाली तर आणखी एक संधी : चीनच्या लोकसंख्या धोरणाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चीनमध्ये साडेतीन दशकं ‘एका जोडप्याला एकच मूल’ असा नियम होता म्हणतात. मग तिथल्या खेड्यांत सख्खी भावंडं असलेले तरुण एवढे कसे?

कारण नियम सगळीकडे सारखा नव्हता. २५ सप्टेंबर १९८० रोजी कम्युनिस्ट पक्षाने आपल्या सदस्यांना खुलं पत्र लिहून एका मुलावर थांबण्याचं आवाहन केलं आणि मोहीम देशभर पोचली. खेड्यांत मात्र इतका विरोध झाला की १९८४ मध्येच सवलती सुरू कराव्या लागल्या. पुढे घडी बसली ती अशी : शहरी नोकरदारांना एक मूल. हैनान, युन्नान, छिंगहाय, निंगशिया आणि शिनच्यांग इथल्या ग्रामीण जोडप्यांना दोन. बहुतेक अल्पसंख्य समाजांना दोन किंवा अधिक. आणि तब्बल १९ प्रांतांच्या ग्रामीण भागात नियम असा, की पहिला मुलगा झाला तर थांबायचं. पहिली मुलगी झाली तर काही वर्षांचं अंतर ठेवून आणखी एक मूल होऊ द्यायचं.

अभ्यासक याला ‘दीड मुलाचं धोरण’ म्हणतात. ही तरतूद नीट वाचावी. मुलगी झालेल्या घराला अजून काही हवं आहे, हे सरकारने स्वतःच नियमात लिहून दिलं. मुलगा म्हणजे एक, मुलगी म्हणजे अर्धं. लोकांच्या मनात असलेल्या भेदावर सरकारी शिक्का बसला. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत जड बाब आहे. दुसरी वाट नव्हती असंही नाही. शान्शी प्रांतातल्या यिचंग तालुक्यात १९८५ पासून शेतकरी जोडप्यांना उशिरा लग्न आणि दोन मुलांत पुरेसं अंतर या अटींवर दोन मुलांची मुभा होती, मुलगा-मुलगी न पाहता. तिथली लोकसंख्या देशाच्या सरासरीहून वेगाने वाढली नाही.

प्रश्न : चीनचं लिंग गुणोत्तर ११८, १२१ असं छापून येतं. आपल्याकडचे आकडे ९०० च्या आसपास असतात. तुलना करायची कशी?

आपण हजार मुलांमागे मुली मोजतो, चीन शंभर मुलींमागे मुलगे मोजतो. चीनच्या आकड्याने एक लाखाला भागा, की आपल्या पद्धतीचा आकडा मिळतो. निसर्गतः जन्मणाऱ्या शंभर मुलींमागे मुलगे साधारण १०५ असतात, म्हणजे हजारी ९५२. चीनमध्ये १९८२ च्या जनगणनेत हा आकडा १०८.५ होता (हजारी ९२२), २००४ मध्ये तो १२१ वर गेला (हजारी ८२६) आणि २०२० मध्ये १११.३ वर उतरला (हजारी ८९८).

पण एकूण आकड्यावर थांबू नका, जन्मक्रमानुसार पाहा. २००० च्या जनगणनेत पहिल्या अपत्यांत शंभर मुलींमागे मुलगे सुमारे १०७, म्हणजे जवळपास नैसर्गिक. दुसऱ्या अपत्यांत तेच सुमारे १५२. पहिली मुलगी लोकांनी स्वीकारली. दुसऱ्या वेळी सोनोग्राफी करून घेतली. सोनोग्राफीची यंत्रं ऐंशीच्या दशकात तालुक्याच्या दवाखान्यांपर्यंत पोचली. गर्भलिंगनिदानावर १९८९ मध्ये आरोग्य मंत्रालयाने बंदी घातली, १९९४ च्या माता-बाल आरोग्य कायद्यातही ती आली. तरी ती फोल ठरली, कारण गर्भपात कायदेशीर होता आणि त्यामागचं खरं कारण सिद्ध करणं अवघड. डॉक्टरने कागदावर काही लिहायची गरज नसते, नुसती मान हलवली तरी पुरतं. पुढे तर गर्भवतीच्या रक्ताचे नमुने चाचणीसाठी चोरून हाँगकाँगला जाऊ लागले.

एक सावधगिरी मात्र बाळगा. आकड्यांतून गायब असलेली प्रत्येक मुलगी मारली गेली, असं समजू नका. पुष्कळ मुली नुसत्या लपवलेल्या होत्या. घराच्या नोंदवहीत, म्हणजे ‘हुखौ’त, नाव घातलं की दंड भरावा लागे, म्हणून नोंदच करायची नाही. नोंद नाही म्हणजे सरकारी शाळा नाही, ओळखपत्र नाही, रेल्वेचं तिकीटही अवघड. २०१० च्या जनगणनेत अशी बिननोंदीची सुमारे १ कोटी ३० लाख माणसं निघाली. त्या सर्वांची नोंद करून घ्या, असा आदेश जानेवारी २०१६ मध्ये निघाला. काही मुली दत्तक म्हणून परदेशी गेल्या. १९९२ पासून गेलेल्या सुमारे १ लाख ६० हजार मुलांत मुलीच जास्त होत्या. ही वाट चीनने २०२४ मध्ये बंद केली.

प्रश्न : मग सगळा दोष धोरणाचाच म्हणायचा का?

नाही. दक्षिण कोरियात असा कोणताही कायदा नसताना १९९० मध्ये हे गुणोत्तर ११६ च्या वर गेलं होतं. मुलाची ओढ आधीपासूनच होती. चीनच्या खेड्यात पेन्शन जवळजवळ नव्हतं, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जायची आणि आडनाव मुलाकडूनच पुढे चालायचं. ‘लग्न झालेली लेक म्हणजे सांडलेलं पाणी’ ही तिथली म्हण आपल्या ‘परक्याच्या धना’सारखीच. मुलींना झाओदी, लाईदी अशी नावं ठेवत. अर्थ ‘धाकट्या भावाला घेऊन ये’. आपल्याकडच्या नकोशीची ही सख्खी बहीण. धोरणाने ही ओढ निर्माण केली नाही, पण मुलगा होण्याची वाट पाहायला जागा ठेवली नाही.

प्रश्न : कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांत पुरुषांचा वाटा किती होता?

थोडा. १९८३ च्या मोहिमेत सुमारे २ कोटी नसबंद्या झाल्या, त्यांतल्या पाचांपैकी चार बायकांच्या. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी. बिनटाक्याची पद्धत तर चीनमध्येच १९७४ साली डॉ. ली शुनछियांग यांनी सिच्वानमध्ये विकसित केली आणि त्या प्रांतात ती रुळलीही. बाकी देशात ‘घरच्या कर्त्याची ताकद जाते’ या समजुतीने बाईलाच पुढे केलं. (१९८३ मध्येच संयुक्त राष्ट्रांचा पहिला लोकसंख्या पुरस्कार मोहिमेचे प्रमुख छियान शिनचोंग आणि इंदिरा गांधी यांना विभागून मिळाला.)

रोजचा नियम होता ‘पहिल्या मुलानंतर कडी, दुसऱ्यानंतर नसबंदी’. ही कडी म्हणजे तांबीसारखंच गर्भाशयात बसवायचं साधन, पण स्टेनलेस स्टीलचं गोल वळं. तांबीला बाहेर दोरा असतो, तो ओढून ती काढता येते. या कडीला दोराच नव्हता. म्हणजे बाईला ती आपणहून काढता येऊ नये. दर काही महिन्यांनी एक्स-रे किंवा सोनोग्राफीने कडी जागेवर आहे का ते तपासत. तांबीच्या तुलनेत तिच्यामुळे नको असलेली गर्भधारणाही जास्त होई, म्हणून १९९३ मध्ये ती बंद केली. त्रास तिथे संपत नाही. पाळी थांबल्यावर गर्भाशय आकसतं आणि कडी आत रुतत जाते, म्हणून वर्षभरात काढून घ्यावी लागते. ते न सांगितल्याने कित्येक म्हाताऱ्या बायका ती अजून पोटात घेऊन आहेत, आणि तेव्हा काढणं म्हणजे भूल देऊन करायची शस्त्रक्रिया.

अधिकारी इतके कठोर का वागले, असंही याच वाचकाने विचारलं आहे. जन्मांचं उद्दिष्ट चुकलं तर बाकी कामं कितीही चांगली असली तरी बढती रोखली जायची. ‘एका मताचा नकाराधिकार’ असं त्याचं नाव होतं.

प्रश्न : या धोरणाने मुलींचं काही भलं झालं का?

शहरात झालं. भाऊच नाही म्हटल्यावर आईबापांचा सगळा पैसा आणि सगळ्या आशा मुलीवर. आज चीनच्या पदवी अभ्यासक्रमांत निम्म्याहून अधिक विद्यार्थिनी आहेत.

प्रश्न : आता तीन मुलांची परवानगी आहे, तरी जन्म का वाढत नाहीत?

२०१६ पासून सर्वांना दोन, २०२१ पासून तीन. २०१६ मध्ये १ कोटी ७८ लाखांहून जास्त मुलं जन्मली. २०२३ मध्ये ९० लाख. पहिलं कारण साधं आहे : ज्या मुली जन्मल्याच नाहीत, त्या आज आया होऊ शकत नाहीत. दुसरं, शिकलेल्या एकुलत्या एका मुलीवर चार म्हातारी माणसं आणि नोकरी आधीच आहे. २०२५ पासून तीन वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलामागे सरकार वर्षाला ३,६०० युआन देतं, म्हणजे महिन्याला ३००. त्यात पाळणाघराचा खर्चही सहसा निघत नाही.

आणि नोकरीचं गणित पाहा. आईला बहुतेक प्रांतांत १५८ दिवस किंवा त्याहून जास्त रजा, बापाला साधारण १५ ते ३० दिवस. मुलाखतीत लग्नाबद्दल किंवा मुलांबद्दल विचारायला २०१९ पासून मनाई आहे. तरी ते विचारलं जातं, आणि विचारलं जातं ते बाईलाच.